जुदासचा अंकुश झाला तेव्हा

नंदू भेंडे यांचं वेड मला लागलं ते मागच्या दाराने, 'डिस्को डान्सर'मधून. १९८२च्या त्या चित्रपटातलं 'कृष्णा धरती पे आजा तू' त्यांनी गायलंय. बप्पी लाहिरींच्या झगमगाटातही हा गळा वेगळा ऐकू येतो. हा गायक कोण म्हणून पाहावं, तर आत्माराम भेंड्यांचा मुलगा!

म्हणजे बबन प्रभूंच्या जोडीने मराठी फार्स गाजवणाऱ्याच्या घरात रॉक शिरलं होतं. आई आशा भेंडे, माहेरच्या लिली इझिकेल. कवी निस्सीम इझिकेल हे सख्खे मामा. या घरात मराठी रंगभूमी आणि मुंबईची इंग्रजी कविता एकाच पंगतीला बसत होती. तिथल्या मुलाने 'सॅव्हेजेस' आणि 'वेल्वेट फॉग' या बँडमध्ये गावं, यात नवल कसलं?

तो काळ बीट स्पर्धांचा आणि कॉलेजच्या महोत्सवांचा. मद्रासच्या आयआयटीत 'मार्डी ग्रा' भरायचा, पुढे त्याचंच 'सारंग' झालं. देशभर पोरं परकी गाणी जशीच्या तशी वाजवायला धडपडत होती. त्यात मला फारसा रस नाही. रस आहे तो १९७४मध्ये.

त्या वर्षी अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' उभं केलं. येशू झाले 'अटॉमिक फॉरेस्ट' या बँडचे गायक मधुकर चंद्र दास आणि जुदास नंदू. या रॉक ऑपेरात खरी परीक्षा जुदासचीच असते. पडदा उघडताच गळा ताणून भांडायला लागायचं आणि अपराधाने पिचून जाईपर्यंत सूर सोडायचा नाही. नट आणि गायक दोन्ही असल्याशिवाय ते निभत नाही. भेंड्यांच्या घरात त्यातलं निम्मं तरी आयतंच मिळालं असणार.

मग १९७८. 'घाशीराम कोतवाल' नाटकाच्या वादातून पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या संस्थेबाहेर पडलेल्यांच्या थिएटर अकादमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणलं. ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. त्यातला गुंडांचा म्होरक्या अंकुश म्हणजे नंदू. नाट्यसंगीत आणि लावणी कानात मुरलेल्या प्रेक्षकांसमोर हा गडी पाश्चात्त्य ढंगात गायला. पुष्कळांनी त्याला 'प्रयोग' म्हणून पाठीवर थाप दिली, आणि तिथेच त्यांचं चुकलं असं मला वाटतं. मूळ १९२८च्या नाटकात संगीतकार कुर्ट वाइलने बर्लिनच्या कॅफे-कॅबरेतलं संगीत आणि जॅझचे ठेके उचलले होते. बड्या ऑपेरावाल्यांची टर उडवायला त्याला रस्त्यावरचा, चालू काळाचा आवाज हवा होता. सत्तरीच्या दशकात असा आवाज कुणाचा असणार? रॉकवाल्याचाच. अंकुशच्या तोंडी घोटीव नाट्यपद आलं असतं, तर ते कानाला गोड लागलं असतं, पण ब्रेख्त हातचा गेला असता.

११ एप्रिल २०१४ला नंदू गेले. नव्वदी ओलांडलेले आत्माराम तेव्हा हयात होते, ते पुढच्या फेब्रुवारीत गेले.

नंदूंसोबत येशू झालेल्या मधुकरांच्या 'अटॉमिक फॉरेस्ट'च्या ध्वनिमुद्रिकेचं नशीब निराळं निघालं. अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीने ती नव्याने काढली आणि परदेशी संग्राहक मुंबईच्या रॉकवर तुटून पडले. आता त्या काळावर लेख निघतात, त्यात नंदू जुदासपाशी भेटतात. मराठी नाटकाच्या पुस्तकांत ते अंकुशपाशी भेटतात. या दोन्हींचे लेखक एकमेकांचं वाचत नसावेत, असा मला दाट संशय आहे.