थायलंडचा झिको: मैदानातला आणि मैदानाबाहेरचा

झिको म्हटलं की आपल्याकडे ब्राझीलचा दिग्गज आठवतो, किंवा 2014 मध्ये एफसी गोवाच्या बाकावर बसलेला कोच. पण बँकॉकमध्ये कुणालाही विचारा, झिको म्हणजे कियातिसुक सेनामुआंग. आज त्याचीच गोष्ट.

जन्म 1973 चा, उदोन थानीचा. म्हणजे थायलंडचा ईशान्य कोपरा. स्ट्रायकर. गोल केला की हवेत कोलांटी उडी ठरलेली. 1998 च्या बँकॉक एशियाडमध्ये उपांत्यपूर्व सामना होता दक्षिण कोरियाशी. पहिला गोल यानेच मारला. कोरियाने बरोबरी केली, थायलंडचे दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि तरी नऊ जणांनी जादा वेळेत ‘गोल्डन गोल’ मारून सामना जिंकला. गोल्डन गोल म्हणजे, जादा वेळेत जो आधी गोल करेल तो जिंकला, खेळ तिथेच खलास.

मग 1999 मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड क्लबने त्याला घेतलं. वाटलं, आता गाडी सुसाट. पण मुख्य संघाकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. परत आला, सिंगापूरला खेळला आणि 2002 मध्ये गेला व्हिएतनामच्या प्लेइकू शहरात, होआंग आन जिया लाय क्लबकडे. फुटबॉलमध्ये थायलंड आणि व्हिएतनामचं किती जमतं, ते वेगळं सांगायला नको! पण 2003 आणि 2004, सलग दोनदा क्लब लीग जिंकला आणि तिथल्या लोकांनी याला डोक्यावर घेतलं.

आता कोचिंग. आग्नेय आशियाचा मोठा कप म्हणजे एएफएफ कप. खेळाडू म्हणून तो त्याने 1996, 2000 आणि 2002 असा तीनदा जिंकला होता. त्यानंतर थायलंडला बारा वर्षं कप नाही. 2014 ला हा कोच, आणि संघात बरीचशी त्याच्याच 23 वर्षांखालच्या संघातली पोरं. फायनल दोन सामन्यांची. बँकॉकला 2-0 जिंकले. क्वालालंपूरला मलेशियाने 3-0 केलं, म्हणजे बेरीज 3-2, कप हातातून गेलाच. मी तो सामना नंतर यूट्यूबवर पाहिला, निकाल माहीत असूनही पोटात गोळा आला. 82 व्या मिनिटाला चारिल शापुईचा गोल, 87 व्या मिनिटाला चनातिपचा. बेरीज 4-3, कप थायलंडचा! खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी हा कप जिंकणारा तो पहिलाच.

2016 ला परत जिंकला. त्याच काळात थायलंड वर्ल्ड कप पात्रतेच्या शेवटच्या फेरीत पोचला होता. तिथे मात्र जपान, ऑस्ट्रेलिया, सौदी. राजा भूमिबोल यांच्या निधनाला महिना झालेला, काळे कपडे घातलेल्या प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाला 2-2 रोखलं. सात सामन्यांत तेवढाच एक गुण. मार्च 2017 मध्ये जपानने 4-0 हरवलं आणि त्याने राजीनामा दिला.

माझं मत विचाराल तर घाई झाली. ज्या फेरीत पोचणं हीच मोठी गोष्ट, तिथल्या पराभवावर माणसाला मोजायचं? त्याच्या जागी सर्बियाचे मिलोव्हान रायेवाच आले. पुढचं तुम्हाला माहितीये. 6 जानेवारी 2019, अबुधाबी, आशियाई कप, भारत 4, थायलंड 1, छेत्रीचे दोन गोल. दुसऱ्याच दिवशी रायेवाच यांची नोकरी गेली.

आणि आपला झिको? 2021 ला परत प्लेइकूला, त्याच जुन्या क्लबचा कोच म्हणून. बारा सामन्यांत 29 गुण, क्लब टेबलात सगळ्यात वर. सतरा वर्षांनी लीग जिंकायची संधी! तेवढ्यात कोरोनामुळे लीगच रद्द झाली, विजेता कुणालाच ठरवलं नाही.

क्वालालंपूरच्या त्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं यूट्यूबवर शोधा. हेडफोन लावून बघा, आणि 3-0 झाल्यावर स्टेडियमचा आवाज ऐका. मग 82 व्या मिनिटानंतरचा ऐका.