दहा हजार वर्षांपूर्वीचा जिना

दोस्तांनो, नकाशा उघडा आणि मृत समुद्र शोधा. त्याच्या उत्तर टोकाच्या जरा वर, जॉर्डन नदीच्या पश्चिमेला, पॅलेस्टाइनमध्ये यरीहो सापडेल. काही जण त्याला जेरिको म्हणतात. समुद्रसपाटीच्या चक्क २५० मीटर खाली वसलेलं हे गाव!

बायबलमध्ये याची गोष्ट आहे. यहोशवा नावाच्या पुढाऱ्याचे लोक शहराला फेऱ्या घालतात, सातव्या दिवशी रणशिंगं वाजतात, सगळे एकदम आरोळी ठोकतात आणि तटबंदी धडाधड कोसळते. ती तटबंदी शोधायला अनेकांनी तिथलं टेकाड खणलं. आपल्याकडे गावाशेजारी जुन्या वस्तीची पांढर असते ना, तसंच हे टेकाड. मातीची घरं पडायची, त्यांच्यावर नवी उभी राहायची. असं होत होत ते २० मीटरच्या वर चढलं!

१९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्यात सरळ उभे चर खणले आणि मातीचा एकेक थर तपासला. यहोशवाच्या काळातली भिंत काही त्यांना मिळाली नाही. पण खूप खाली लागला एक दगडी बुरूज. साडेआठ मीटर उंच, पोटात २२ पायऱ्यांचा जिना! वय सुमारे दहा हजार वर्षं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून पाचेक हजार वर्षांनी जुना. बांधणाऱ्यांकडे लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं. त्यांना मडकीसुद्धा घडवता येत नव्हती! बुरूज कशासाठी, यावर संशोधक अजून वाद घालतात. कुणी म्हणतं शत्रूला रोखायला, कुणी म्हणतं पूर अडवणाऱ्या भिंतीचाच तो भाग.

मला मात्र सगळ्यात आवडतात त्या थोड्या नंतरच्या काळातल्या मातीच्या विटा. ओल्या विटेवर कुणीतरी अंगठा दाबून तिरप्या खुणांच्या ओळी उठवल्या आहेत, वरचा चिखल घट्ट धरावा म्हणून. नऊ हजार वर्षांपूर्वीचा तो अंगठा आजही स्पष्ट दिसतो!

पण अशा रखरखीत जागी माणसं राहिलीच का? टेकाडाच्या पायथ्याशी बारमाही गोड्या पाण्याचा झरा आहे. त्याच्या जोरावर गहू आणि जव पिकले, माणसांनी भटकणं सोडलं, घरं बांधली.

२०२३ मध्ये युनेस्कोनं हे टेकाड जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आणि तो झरा? अजून वाहतोय.