मेंदू शिकणाऱ्यांचा खर्च कोण उचलतो?

अमेरिकेत मेंदूविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला विद्यावेतन मिळते. ते नेमके येते कुठून?

एक वाट टी-३२ या सरकारी अनुदानाची. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, ही रक्कम विद्यार्थ्याच्या नव्हे, तर विद्यापीठाच्या नावे देते आणि कोणाला निवडायचे ते विद्यापीठ ठरवते. मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांची. मुदत संपली की पुन्हा अर्ज आणि पुन्हा परीक्षण. या योजनेचे मूळ १९७४च्या कायद्यात आहे. २००२ साली तिला रूथ किर्शस्टीन यांचे नाव मिळाले. पोलिओ लशीची सुरक्षितता तपासणाऱ्या या शास्त्रज्ञ एनआयएचमधील एखाद्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक होत्या.

मेंदूविज्ञानासाठी एनआयएचच्या अनेक संस्था एकत्र येऊन खास कार्यक्रम चालवतात. त्याचा भर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांवर असतो, आणि हे शहाणपणाचेच आहे. या काळात विद्यार्थी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून पाहतो. पेशीतील रेणूंपासून माणसाच्या वर्तनापर्यंतचा पट समजून घेतो. संख्याशास्त्र आणि प्रयोगाची काटेकोर आखणी हे विषय तर टाळताच येत नाहीत. विद्यावेतन एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला बांधलेले नसल्याने मार्गदर्शक निवडण्याची मोकळीकही राहते.

मात्र ही दारे सर्वांना उघडी नाहीत. लाभार्थी अमेरिकी नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असावा लागतो. त्यामुळे पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांचा खर्च सहसा प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून, विद्यापीठाच्या निधीतून किंवा अध्यापन साहाय्यकाच्या कामातून भागतो.