पशुखाद्याच्या पोत्यावरील आकडा

पांढुर्णा आणि सौंसर हा कापसाचा व संत्र्यांचा मुलूख. गवळाऊ गाय जेथे गोठ्याचे भूषण समजली जाते, तेथे सरकीची ढेप ही काही नवी वस्तू नव्हे. पूर्वी शेतकरी ढेप हाताने फोडी, हुंगून पाही, चिमूटभर जिभेवर ठेवी आणि मगच भाव करी. आता शिवलेले पोते येते व त्यावर छापलेले असते : प्रथिने इतके टक्के, स्निग्धांश इतका, तंतू इतके. हे टक्के नाकाला कळत नाहीत, जिभेलाही नाहीत. गाईचे दूध आटले तर दोष वैरणीचा, ऋतूचा की पोत्याचा, हे गोठ्यात उभे राहून कोण सांगणार?

प्रयोगशाळेलाही हा आकडा आडवाटेनेच कळतो. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली नत्र मोजण्याची रीत दिली. आलेल्या नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. मेख येथेच आहे. यूरियात ४६ टक्के नत्र असते. ५० किलोच्या पोत्यात एक किलो यूरिया मिसळला की कागदावर सुमारे २.९ किलो प्रथिने वाढतात. प्रत्यक्षात एक कणही वाढत नाही. गुराच्या पोटातील जंतू थोडा यूरिया पचवितात हे खरे, पण तो अधिक झाल्यास जनावर दगावते. यूरिया वेगळा मोजता येतो. मात्र तशी तपासणी मागावी लागते.

अमेरिकेत २००७ साली हेच मेलामाइन या नत्रयुक्त रसायनाने घडले. चीनमधून आलेल्या ‘गव्हाच्या प्रथिनां’त ते मिसळलेले होते व त्यापासून केलेल्या खाद्याने कुत्री-मांजरे मेली. दोन चिनी कंपन्या, एक अमेरिकी आयातदार कंपनी व त्यांचे चालक यांवर फेब्रुवारी २००८ मध्ये आरोप ठेवण्यात आले. खोट्या नावाने माल विकणे हा त्यांतील एक होता. आयातदाराने पुढे गुन्हा कबूल केला.

आपल्याकडे काय? १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात पशुखाद्याचा, पेंडीसह, स्पष्ट उल्लेख होता. २००६ च्या दुरुस्तीने तो गळला. वैरणीचे बियाणे तेवढे यादीत राहिले. खत मात्र टिकले. म्हणून खताच्या पोत्यासाठी १९८५ चा नियंत्रण आदेश आहे : निरीक्षक येतो, नमुन्याचे तीन भाग करतो, एक विक्रेत्याजवळ, एक प्रयोगशाळेत, एक राखून. म्हणजे यूरिया खताच्या पोत्यात असेल तर त्याच्या टक्क्यांचा हा कायदा हिशेब मागतो. तोच यूरिया ढेपेत लपला तर ढेपेच्या टक्क्यांबाबत हा कायदा मुका! याला विसंगती म्हणावे नाही तर काय?

तरी वाटा अगदीच बंद नाहीत. पोत्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह खोटे असेल तर २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा होतो. फसवणुकीचा खटला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली भरता येतो, पण तेथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, आणि कंपनी म्हणते, ‘वखारीत ओल लागली, विक्रेत्याने भेसळ केली.’ त्यामानाने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा शेतकऱ्याला जवळचा. त्यात लेबल हेही जाहिरातीत मोडते. पोटापाण्यासाठी स्वतः दोन-चार गुरे पाळणारा ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि जिल्हा आयोग नमुना तपासणीस पाठवू शकतो.

परंतु आयोगापुढे नमुना ठेवणार कोठून? बहुधा तक्रार सुचेपर्यंत पोते रिकामे होऊन त्याचे बारदान अंगणात अंथरलेले असते. ज्या गोपालकाला संशय आला असेल त्याने पक्के बिल मागून घ्यावे, पोत्याच्या शिवणीतली चिठ्ठी व तिच्यावरील घाणा-क्रमांक जपावा, आणि त्याच खेपेतले एक पोते न उसवता कोरड्या जागी ठेवावे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.