‘जमुना के तीर’ : एका भैरवी ठुमरीच्या चिरस्थायी आवाहनाची मीमांसा

प्रस्तावना

काही संगीतकृती आपल्या काळाच्या मर्यादा ओलांडून पुढील पिढ्यांच्या श्रवणाचा भाग होतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात बीथोव्हेनच्या ‘मूनलाइट सोनाटा’ या पियानोकृतीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. महाराष्ट्राच्या संगीतजीवनात असेच स्थान उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी गायिलेल्या ‘जमुना के तीर’ या भैरवी ठुमरीला प्राप्त झाले आहे. १९३०च्या दशकातील ही ध्वनिमुद्रिका सुमारे तीन मिनिटांची आहे. तिचे शब्द व्रजभाषेच्या वळणाचे आहेत, गायक उत्तरेतील कैरान्याचा आहे. तरीही ती मराठी श्रोत्याला परकी वाटत नाही. हे आवाहन टिकून का राहिले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात स्वररचना, ध्वनिमुद्रणाचे तंत्र, गुरुशिष्यपरंपरा आणि समाजजीवन या चार अंगांनी केला आहे. संगीताचे शास्त्रीय शिक्षण न घेतलेल्या प्राध्यापक-वाचकांना विषय सुलभ व्हावा, म्हणून पारिभाषिक संज्ञांचे स्पष्टीकरण ओघात दिले आहे.

गायक आणि त्याची भूमी

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली झाला. उत्तर प्रदेशातील कैराना या गावावरून त्यांच्या घराण्यास ‘किराणा’ हे नाव मिळाले. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने मुंबई इलाखा आणि दक्षिण महाराष्ट्र हेच राहिले. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालविले आणि उत्तरायुष्यात मिरज हे आपले निवासस्थान केले. तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव त्या काळी संगीताचे मोठे केंद्र होते. मिरजेच्या सतार आणि तंबोरा या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

मैसूर दरबाराशी आलेल्या संबंधामुळे खाँसाहेबांना कर्नाटक संगीताचा निकट परिचय झाला. त्यागराजांची एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली, तसेच १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’मधील पदही गायिले. म्हणजेच हिंदुस्थानी ख्याल, कर्नाटक कृती, मराठी नाट्यपद आणि ठुमरी हे चारही प्रवाह एकाच कंठात एकत्र आले होते. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेतील प्रवासात, सिंगपेरुमाळकोईल या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले असून, त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरत आली आहे.

भैरवीचे स्वररूप

भैरवीत ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चार स्वर कोमल, तर मध्यम शुद्ध असतो. पंडित भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांत भैरवी हा एक स्वतंत्र थाट आहे. मात्र ठुमरीत भैरवी गाताना कलावंत या चौकटीत अडकून पडत नाही. योग्य जागी शुद्ध ऋषभ, शुद्ध गांधार किंवा तीव्र मध्यम यांचा स्पर्श करून सप्तकातील बाराही स्वरांना तो सामावून घेऊ शकतो. एकाच शब्दावर भाव बदलण्याची सोय रागाच्या या लवचीकतेमुळे मिळते.

ठुमरीचे शब्द अत्यल्प असतात. यमुनेचा तीर आणि कृष्णाचा शोध एवढाच प्रस्तुत ठुमरीचा आशय आहे. कथानक पुढे सरकत नाही. सरकतो तो भाव. मुखडा, म्हणजे आरंभीचा परत परत येणारा चरण, दर खेपेस निराळ्या स्वरवळणाने येतो. शब्द ओळखीचे झाल्यामुळे श्रोत्याचे लक्ष अर्थावरून उच्चारणाच्या छटेकडे वळते. पहिल्या वेळी जे स्थळाचे नाव वाटते, ते तिसऱ्या वेळी विनवणी वाटू लागते. या प्रक्रियेला ‘बोलबनाव’ असे म्हणतात. पूरब अंगाच्या ठुमरीत बोलबनावाला अभिनयाची जोड असते. खाँसाहेबांच्या ठुमरीत अभिनयाचा अंश कमी आणि स्वराचा ठेहराव अधिक आहे. स्वर लांबविणे, त्याच्या कडेने हलकेच दुसऱ्या स्वरास स्पर्श करणे आणि पुन्हा मूळ जागी येणे हीच त्यांची भावप्रकटीकरणाची रीत होय.

या ठिकाणी स्वराच्या सूक्ष्म स्थानाचा प्रश्न उपस्थित होतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या मोजमापाचे जे प्रयोग केले, त्यांत खाँसाहेबांचा सहभाग होता. प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. षड्जाची कंपनसंख्या सेकंदास २४० मानली, तर ६:५ या नैसर्गिक प्रमाणाने कोमल गांधार २८८ येतो. समान बारा भागांत विभागलेल्या पियानोच्या पट्टीवर तोच स्वर सुमारे २८५ येतो. हा फरक अल्प असला, तरी तंबोऱ्याच्या अखंड नादात तो कानाला जाणवतो. कोमल स्वरांची बहुलता असलेल्या भैरवीत स्वर नेमका कोठे लावला यावर करुणेची प्रत अवलंबून असते. खाँसाहेबांच्या बारीक, उंच पट्टीच्या आणि स्थिर आवाजात ही नेमकी जागा दीर्घकाळ ऐकू येते, हे या ध्वनिमुद्रिकेच्या प्रभावाचे पहिले कारण होय.

तीन मिनिटांचे बंधन

मैफलीत ठुमरी पाव तास किंवा त्याहूनही अधिक काळ रंगू शकते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मात्र साधारणतः तीन ते साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. अनेक कलावंतांना हे बंधन जाचक वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या बंधनामुळे विस्ताराच्या अनेक शक्यतांमधून मोजक्याच निवडणे भाग पडले. अनावश्यक ते गळाले आणि प्रत्येक आवर्तनास निश्चित कार्य प्राप्त झाले.

१९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण प्रचारात आले. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे. ध्वनिग्राहकामुळे हळुवार आवाजातील बारकावेही तबकडीवर उमटू लागले. खाँसाहेबांचा आवाज मुळातच जोरकस नसून सूक्ष्म होता. नव्या तंत्राने त्यास न्याय दिला. गायकाची प्रकृती आणि तंत्राची क्षमता यांचा असा मेळ बसणे हे या कृतीच्या दीर्घायुष्याचे दुसरे कारण मानावे लागेल.

लिखित कृती आणि ध्वनिमुद्रित कृती

बीथोव्हेनने आपली ‘सी शार्प मायनर’ स्वरातील सोनाटा १८०१ साली रचली. १८०२ साली ती व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाली व जुलिएत्ता ग्विच्चार्दी या त्याच्या शिष्येस अर्पण करण्यात आली. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हेनचे नव्हे. समीक्षक लुडविग रेल्श्ताब याने केलेल्या चांदण्याच्या उपमेवरून ते कवीच्या मृत्यूनंतर कवितेस शीर्षक चिकटावे तसे पुढे रूढ झाले. बीथोव्हेनने या कृतीचे वर्णन ‘जणू कल्पनाविहार असलेली सोनाटा’ अशा अर्थाच्या शब्दांत केले होते. त्या काळच्या प्रघातानुसार सोनाटाचा पहिला भाग बहुधा द्रुत असे; येथे तो संथ आहे, दुसरा मध्यम गतीचा आणि तिसरा अतिशय वेगवान आहे. विलंबिताकडून द्रुताकडे जाणारा हा क्रम हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला मात्र ओळखीचाच वाटेल.

पहिल्या भागात तीन-तीन स्वरांचे पुंजके अखंड वाजत राहतात आणि त्यांवर एक अत्यंत साधी धून उमटते. वरवर पाहता तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवरील आलापाशी त्याचे साम्य दिसते. परंतु हे साम्य मर्यादित आहे. तंबोऱ्याचा नाद आधारस्वर बदलत नाही, तर सोनाटातील पुंजके सतत नव्या स्वरसंवादांत प्रवेश करतात आणि भावपरिवर्तन त्यांतूनच घडते. ठुमरीत आधार स्थिर राहून स्वरच आपली छटा बदलतो. म्हणजे दोन्ही कृती पुनरावृत्तीतून उत्कटता साधतात, पण त्यांचे मार्ग परस्परांच्या उलट आहेत.

याहून मूलगामी भेद कृतीच्या अस्तित्वाविषयीचा आहे. सोनाटा कागदावर संपूर्ण लिहिलेली आहे. वादक बदलला, तरी स्वर बदलत नाहीत; बदलतो तो त्यांचा अर्थ. ठुमरीचे स्वरलेखन करता येते, पण मींड, कणस्वर आणि आवाजाचा पोत लेखनातून निसटतात. त्यामुळे ‘जमुना के तीर’चे बंदिश म्हणून असलेले रूप आणि त्या विशिष्ट तबकडीचे रूप यांत अंतर पडते. श्रोत्यांच्या मनात घर करून राहिलेली कृती प्रामुख्याने तबकडीची आहे. लिखित संहितेने सोनाटाला जे स्थैर्य दिले, तेच ठुमरीला ध्वनिमुद्रणाने दिले असे म्हणता येईल.

परंपरेतील पुनर्जन्म

मात्र केवळ तबकडीमुळे कृती जिवंत राहिली असे मानणे एकांगी ठरेल. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६-१९५२) यांच्यामार्फत किराणा गायकी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या खाँसाहेबांच्या अपत्यांनी ती महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. भीमसेन जोशी बालवयात खाँसाहेबांच्या झिंझोटीच्या तबकडीने भारावून गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तबकडी परंपरेची जागा घेत नाही, तर परंपरेकडे नेणारी वाट होऊ शकते, हे यावरून दिसते. पुढे भीमसेनांनी ‘जमुना के तीर’ आपल्या मैफलींतून गायिली. ती तबकडीची नक्कल नव्हती. भरदार आवाज आणि विस्तृत मांडणी यांमुळे तिचे स्वरूप पालटले, पण मुखड्याची ओळख कायम राहिली.

भैरवीने मैफलीची सांगता करण्याचा संकेतही येथे महत्त्वाचा आहे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची अखेर सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने करण्याची प्रथा आहे. भजनाच्या फडातही शेवटी भैरवी म्हटली जाते. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील बारामती-इंदापूर या परिसरातील ज्या श्रोत्याने कधी तिकीट काढून मैफल ऐकली नाही, त्याच्याही कानावर भजनाच्या निमित्ताने हे कोमल स्वर पडलेले असतात. निरोपाच्या भावनेशी जोडलेला हा संस्कार ठुमरी ऐकताना जागा होतो. व्रजभाषेतील कृष्णविरह आणि वारकऱ्याची भेटीची आस यांत भाषेचे अंतर असले, तरी भावाचे अंतर फारसे नाही. मुसलमान गायकाने कृष्णाचा शोध आळवावा आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्याच्या स्मरणार्थ सर्व धर्मांच्या कलावंतांनी गावे, हा या भूमीच्या सांस्कृतिक व्यवहाराचा सहज भाग होता. तो सहजपणा जपणे हे आजही तितकेच अगत्याचे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष

ग्रामीण महाविद्यालयांत संगीताचा स्वतंत्र विभाग बहुधा नसतो. तथापि अशी एक ध्वनिमुद्रिका अनेक विषयांच्या अध्यापनात उपयोगी पडू शकते. भौतिकशास्त्राच्या वर्गात कंपनसंख्येचे गुणोत्तर, भाषेच्या वर्गात अल्पाक्षरी शब्दांची अर्थबहुलता, इतिहासाच्या वर्गात दरबारी आश्रयाकडून विद्यालय आणि बाजारपेठेकडे झालेले कलेचे स्थलांतर, तर समाजशास्त्राच्या वर्गात सामायिक वारसा हे विषय तीन मिनिटांच्या श्रवणातून सुरू करता येतात. मात्र विवेचनाआधी श्रवण व्हावयास हवे आणि तेही किमान दोनदा. पहिल्या श्रवणात शब्द कळतात. मुखड्याची बदलती वळणे दुसऱ्या श्रवणात उमगतात. जुन्या तबकडीची खरखर विद्यार्थ्यांना आरंभी खटकते. ती त्या काळच्या तंत्राची खूण आहे एवढे सांगितले, की कान तिच्या पलीकडे जाऊ लागतो.

समारोप

‘जमुना के तीर’चे आवाहन एका कारणाने स्पष्ट होत नाही. भैरवीची लवचीकता, स्वराची नेमकी जागा, तीन मिनिटांच्या बंधनातून आलेला संयम, विद्युत ध्वनिमुद्रणाची साथ, शिष्यांनी घडविलेली नवी रूपे आणि निरोपाच्या क्षणाशी जडलेला सामाजिक संस्कार या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होय. यांपैकी पहिली चार कारणे तबकडीत साठवून ठेवता येतात. उरलेली दोन मात्र गाणाऱ्यांवर आणि ऐकणाऱ्यांवर अवलंबून आहेत. आज ही ध्वनिमुद्रिका कोणालाही क्षणात उपलब्ध होते. परंतु उपलब्धता म्हणजे श्रवण नव्हे. ऐकण्याची सवय पुढील पिढीत रुजविली, तरच कृतीचे चिरस्थायित्व अर्थपूर्ण राहील, आणि ही जबाबदारी संगीतशिक्षकांइतकीच अन्य विषयांच्या अध्यापकांचीही आहे.