उपकरण-अवतरण पद्धती आणि मुंबईचा पावसाळा

मरोळच्या दक्षिणेस पसरलेल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने येऊन २७ क्रमांकाच्या पट्टीवर टेकतात. नेमके त्याच दिवसांत पावसामुळे वैमानिकास समोरचे फारसे दिसत नाही.

दृष्टीवर सर्वस्वी विसंबणे केवळ पावसातच धोक्याचे असते असे नव्हे. पूर्वाभिमुख उतरणाऱ्या विमानास सांताक्रूझच्या अलीकडे, जवळजवळ त्याच दिशेने आखलेली जुहूची आखूड धावपट्टी लागते. १९५३ साली बी. ओ. ए. सी.चे एक कॉमेट विमान चुकून तेथे उतरले. पुढे २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान, दृष्टीच्या आधारे सांताक्रूझला उतरण्याची परवानगी घेऊन, जुहूलाच टेकले व पट्टी ओलांडून पुढे गेले. प्राणहानी झाली नाही. विमान मात्र निकामी झाले. आपण धावपट्टीच्या अक्षावर आहोत काय, आणि योग्य उंचीवर आहोत काय, या दोन प्रश्नांचे उत्तर डोळ्यांवाचून देणे हे उपकरण-अवतरण पद्धतीचे कार्य होय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोकलायझर देतो. त्याची आकाशकांची रांग धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे, म्हणजे २७ साठी पश्चिमेस असते. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील वाहक तरंगावर ९० व १५० हर्ट्झ अशा दोन कंप्रतांचे विरूपण केलेले असते. येणाऱ्या विमानाच्या डावीकडील क्षेत्रात ९० ची, उजवीकडील क्षेत्रात १५० ची मात्रा अधिक असते. अक्षावर दोन्ही समान. ग्राहक केवळ या दोहोंतील फरक मोजतो. वाहकाची एकंदर तीव्रता कमीअधिक झाली तरी समतोलाची रेषा ढळत नाही, हे या योजनेचे खरे मर्म आहे.

उंचीसाठी ग्लाइड पाथ हेच तत्त्व उभ्या प्रतलात वापरतो. त्याची कंप्रता ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून तरंगलांबी सुमारे ०.९ मीटर. येथे जमीनच आरशाचे काम करते. आकाशकापासून थेट आलेला तरंग आणि जमिनीवरून परावर्तित झालेला तरंग एका विशिष्ट कोनात परस्परांना नाहीसे करतात. त्या कोनाची ज्या म्हणजे तरंगलांबी भागिले आकाशकाच्या उंचीची दुप्पट. तीन अंशांसाठी ही उंची सुमारे ८.६ मीटर येते. अर्थात समोरची जमीन हा यंत्राचाच एक भाग ठरतो. तेथे गवत माजले, पाणी साचले वा एखादे विमान उभे राहिले, तर मार्ग वाकू शकतो. म्हणून त्या क्षेत्रात वाहतुकीवर निर्बंध असतात, आणि संकेत मर्यादेबाहेर गेल्यास निरीक्षक यंत्रणा प्रक्षेपण आपोआप बंद करते. चुकीच्या मार्गदर्शनापेक्षा मार्गदर्शन नसणे बरे, असा हा हिशेब आहे. मरोळसारख्या लगतच्या भागात इमारतींच्या उंचीस परवानगी लागते ती मात्र मुख्यतः उड्डाणमार्गातील अडथळे टाळण्यासाठी.

तीन अंशांच्या उतारावर दर किलोमीटरास सुमारे ५२ मीटर उंची कमी होते. १४० नॉट वेगाने येणारे विमान सेकंदास जवळजवळ पावणेचार मीटर खाली येते. याच वेगाने ते जमिनीवर टेकविणे इष्ट नाही, आणि शेवटच्या काही मीटरांत ग्लाइड पाथचा संकेतही विश्वसनीय राहत नाही. म्हणून स्वयंचलित अवतरणात सुमारे १५ मीटरांवर सूत्रे रेडिओ-उंचीमापकाकडे जातात. खाली येण्याचा वेग उरलेल्या उंचीच्या प्रमाणात ठेवावा, हा तेथील नियम. तो काटेकोर पाळला तर विमान कधीच जमिनीस लागणार नाही; यास्तव उंचीचे शून्य जमिनीच्या किंचित खाली मानले जाते. शिवाय एक संगणक बिघडला तरी अवतरण पुरे व्हावे म्हणून अनेक स्वतंत्र प्रणाली परस्परांची पडताळणी करतात. १९६५ च्या जूनमध्ये लंडनच्या हीथ्रो येथे ट्रायडंट विमानाने प्रवाशांसह असे पहिले अवतरण केले.

मग मुंबईच्या पावसावर हाच उपाय का नव्हे? स्वयंचलित अवतरणाचे क्षेत्र मुख्यतः धुके. दिल्लीच्या हिवाळ्यात दृश्यता अत्यल्प असते, पण वाराही बहुधा मंद असतो. मुंबईच्या पावसाळी सरींबरोबर झोतांचा वारा येतो, आणि आडव्या वाऱ्याची स्वयंचलित अवतरणास लागू होणारी मर्यादा अनेक विमानांत हाताने उतरविण्याच्या मर्यादेपेक्षा कमी आहे. त्यामुळे यंत्राची गरज वाटावी अशा वेळीच ते वर्ज्य ठरू शकते. वैमानिक संकेतांच्या आधारे निर्णय-उंचीपर्यंत येतो. पहिल्या श्रेणीत ही किमान ६० मीटर, दुसरीत ३० मीटर. तेथे पट्टीच्या खुणा वा दिवे दिसले नाहीत तर पुन्हा वर चढणे त्यास भाग असते.

टेकल्यानंतरची गोष्ट निराळी. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक बोईंग ७३७ विमान २७ क्रमांकाच्या पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन रुतले. चाकांखालच्या पाण्याविषयी ९० आणि १५० हर्ट्झच्या तुलनेतून काहीच कळत नाही.