दोन सभागृहांची संसद (लेखांक नववा) : तेहतीस हरले, सत्तावीस जिंकले

धन विधेयक राज्यसभेत आल्यावर त्या चौदा दिवसांत काय होऊ शकते आणि काय नाही, हे आज सांगायचे कबूल केले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गेल्या लेखात मी जाता जाता लिहून गेलो की राज्यसभेच्या निवडणुकीत कमी मतांचा उमेदवार जास्त मतांच्या उमेदवाराला मागे टाकू शकतो. त्यावर जी पत्रे आली, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे. एका निवृत्त गणित शिक्षिकेने तो सर्वांत नेमका विचारला आहे : ‘२०२२ साली संजय पवारांना ३३ मते होती, धनंजय महाडिकांना २७. मग खासदार महाडिक कसे झाले? वरची मते आली कुठून?’ माझ्या इतक्या आवडीचा प्रश्न विचारला गेल्यावर धन विधेयकाने आठवडाभर थांबायला हरकत नाही.

तारीख १० जून २०२२. महाराष्ट्रातून सहा जागा भरायच्या होत्या आणि रिंगणात सात जण. भाजपचे पीयूष गोयल, अनिल बोंडे आणि महाडिक. राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल. काँग्रेसचे इम्रान प्रतापगढी. शिवसेनेचे संजय राऊत आणि पवार. विधानसभा २८८ आमदारांची, पण रमेश लटके मे महिन्यात वारले होते. अनिल देशमुख आणि नवाब मलिक कोठडीत होते आणि मतदानाला जाण्याची परवानगी न्यायालयाने नाकारली. २८५ जणांनी मत दिले. त्यांतले शिवसेनेच्या सुहास कांदे यांचे मत, मतपत्रिका दाखवण्याचा नियम मोडला म्हणून, निवडणूक आयोगाने बाद करायला लावले. उरली २८४. तक्रारींचा निकाल लागेपर्यंत मोजणी अडली आणि निकाल हाती आला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर. आमदार उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहितात. त्यांतली पहिल्या पसंतीची मते अशी : गोयल ४८, बोंडे ४८, प्रतापगढी ४४, पटेल ४३, राऊत ४१, पवार ३३, महाडिक २७.

आता कोटा. निवडून यायला किती मते हवीत, तो आकडा. सहा जागा आहेत म्हणून कोणीही २८४ ला सहाने भागेल. नियम सांगतो, साताने भागा आणि एक मिळवा. हे सुचले हेन्री ड्रूप या इंग्रज वकिलाला, १८६८ च्या सुमारास, आणि त्यातली चतुराई मला आजही थक्क करते. जागांइतकेच उमेदवार निवडून येतील आणि एकही जास्त येणार नाही, असा सर्वांत लहान आकडा कोणता? एकूण मतांच्या सातव्या हिश्शापेक्षा किंचित जास्त मते सहा जणांना मिळू शकतात, सात जणांना कधीच नाही. सातही जणांना तेवढी मिळाली तर बेरीज एकूण मतांच्या पुढे जाईल. म्हणून जागा अधिक एक.

अपूर्णांकांचा त्रास कमी व्हावा म्हणून आपल्या नियमांत, जागा एकाहून जास्त असल्या की, प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. २८४ मतांचे झाले २८,४००. भागिले सात, अधिक एक, दशांश सोडून द्यायचे : ४,०५८. म्हणजे ४१ मते असली की झाले. पहिल्या पाच जणांनी हा आकडा पहिल्याच फेरीत गाठला. राहिली सहावी जागा, आणि तिच्यासाठी ३३ विरुद्ध २७.

गोयलांकडे ४,८०० मूल्य होते, लागले ४,०५८. वरचे ७४२ त्यांच्या उपयोगाचे नाहीत. बोंड्यांचेही तेच. हे जादा मूल्य वाया जाऊ द्यायचे नाही, हा या पद्धतीचा प्राण आहे. पाटाचे पाणी जसे एक वाफा भरला की दारे मोडून पुढच्या वाफ्यात घेतात, तसे ते दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळवतात. ७४२ ला ४८ मतपत्रिकांनी भागले की प्रत्येकीला १५ येतात, दशांश गेले. ४८ गुणिले १५, म्हणजे ७२०. सर्वांनी दुसरी पसंती महाडिकांना दिली असे धरले तर गोयलांकडून ७२०, बोंड्यांकडून ७२० आणि स्वतःचे २,७००. बेरीज ४,१४०. कोटा पार. आणि नियम असा आहे की आधी जादा मते वाटायची, शेवटच्या क्रमांकाच्या उमेदवाराला बाद करण्याची वेळ त्यानंतर. म्हणून सर्वांत कमी मते असलेले महाडिक बाद होण्याआधीच निवडून आले.

पवारांनाही पटेल, प्रतापगढी आणि राऊत यांची जादा मते मिळणार होतीच. पण ती किती? तिघांची मिळून जेमतेम सव्वासहा मते.

माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे. या निवडणुकीत ३३ आणि २७ हे आकडे पाहूच नयेत. गठ्ठा पाहावा. ४८, ४८ आणि २७ यांची बेरीज १२३. एक्केचाळीस त्रिक १२३. भाजपकडे तीन कोटे नेमके भरत होते. दुसरीकडे राष्ट्रवादी, काँग्रेस आणि शिवसेना यांच्या आघाडीची ४३, ४४, ४१ आणि ३३ मिळून १६१, आणि चार कोट्यांना हवी होती १६४. तीन कमी. पवारांचा पराभव पहिल्या पसंतीचे आकडे वाचून दाखवण्याआधीच या दोन बेरजांत झाला होता. त्या रात्री सगळी चर्चा कांदे यांच्या एका मताची झाली. ते मत धरले असते तर कोटा ४,०७२ झाला असता, गठ्ठा १६२ चा, आणि महाडिक तरीही पुढेच राहिले असते.

मग गठ्ठा भरत होता तर भाजपने सरळ ४१-४१-४१ का नाही वाटली? पत्रांत हाही प्रश्न आहे. कारण एखाद्या आमदाराने आकडा चुकीचा लिहिला किंवा मत बाद झाले, तर ज्याच्याकडे नेमकी ४१ आहेत तो अडचणीत येतो. ४८ असली की सात मते गेली तरी निश्चिंती. पण ही निश्चिंती फुकट मिळत नाही. पहिल्या दोघांच्या वाट्याचा सगळा धोका तिसऱ्याच्या डोक्यावर जातो. वाटपाचा कागद तयार करणारा माणूस मते वाटतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो धोका वाटत असतो. समोरच्या बाजूनेही तेच केले आणि धोका पवारांवर ठेवला. यादीतला शेवटचा उमेदवार कोण, हे पाहिले की पक्षाने कोणाला पणाला लावले ते कळते.

आता एक गणित, जे मी कितीतरी संध्याकाळी कागदावर मांडून पाहिले आहे. देशमुख आणि मलिक यांना मत देता आले असते आणि कांदे यांचे मत धरले गेले असते तर? २८७ मते. साताने बरोब्बर भाग जातो : ४,१००. अधिक एक, ४,१०१. भाजपच्या १२३ मतांचे मूल्य १२,३००, तीन कोट्यांना हवेत १२,३०३. आघाडीची १६४ मते, मूल्य १६,४००, चार कोट्यांना हवेत १६,४०४. दोघेही कमी पडले असते, एक तीनाने आणि दुसरा चाराने, तेही एका मताच्या शंभराव्या हिश्शाच्या हिशेबात. अशा वेळी गठ्ठ्यापेक्षा वाटप निर्णायक ठरते. दुसरी पसंती सर्वांनी शिस्तीत आपल्याच माणसाला दिली असे धरून चला. भाजपचे वाटप ४८-४८-२७ असते तर दशांश गळून महाडिक ४,०४४ वर थांबतात. आघाडीने ४२-४२-४२-३८ वाटली असती तर पवार ४,०५२ वर पोहोचतात आणि जिंकतात. पण भाजपने ४१-४१-४१ वाटली असती तर तिघेही ४,१०० वर, आणि पुन्हा पवार मागे. आणि दोन्ही बाजूंनी समसमान वाटली असती तर? २८७ म्हणजे ४१ गुणिले ७. सातही उमेदवारांना बरोबर एक्केचाळीस मते, कोटा कोणाचाच पूर्ण नाही, आणि सातांतून एकाला घरी पाठवायला चिठ्ठी.

चिठ्ठी निघते हे खरे आहे. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी हिमाचल प्रदेशात एका जागेसाठी काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांना ३४-३४ मते पडली. काँग्रेसचे चाळीस आमदार, त्यांतले सहा फुटले आणि तीन अपक्षही महाजनांकडे गेले. दोन नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एक काढली. निघाली ती सिंघवींच्या नावाची. आणि ते हरले. कारण अधिकाऱ्यांनी नियमाचा अर्थ असा लावला की चिठ्ठी कोणाला बाद करायचे ते ठरवते, कोणाला निवडायचे ते नव्हे. सिंघवी या अर्थाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले.

गठ्ठ्याच्या नियमाने आणखी एका गाजलेल्या रात्रीकडे पाहू. ८ ऑगस्ट २०१७, गुजरात, तीन जागा, १७६ मते. कोटा ४,४०१, म्हणजे ४५ मते. काँग्रेसच्या दोन बंडखोरांनी मतपत्रिका भलत्याच माणसांना दाखवल्या म्हणून आयोगाने रात्री उशिरा ती मते बाद केली. १७४ राहिली, कोटा ४,३५१ वर उतरला, म्हणजे ४४ मते. काँग्रेसच्या अहमद पटेलांना नेमकी ४४ होती. ती दोन मते बाद झाली म्हणून पटेल वाचले, असे तेव्हापासून सगळे म्हणत आले आहेत. गणित वेगळे सांगते. अमित शहा ४६, स्मृती इराणी ४६, बलवंतसिंह राजपूत ३८, आणि बाद झालेली दोन्ही मते भाजपची धरली तर गठ्ठा १३२ चा. १३,२०० मधून पहिल्या दोघांचे दोन कोटे वजा केले की राजपुतांना जास्तीत जास्त ४,३९८ उरतात. पटेलांकडे ४,४००. पटेल दोनाने पुढे. ती मते मोजली असती तरी जिंकले असते.

मतपत्रिका दाखवण्याची ही भानगड काय, असे दोघांनी विचारले आहे. पूर्वी राज्यसभेचे मतदान गुप्त असे. १९९८ साली महाराष्ट्रात काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान स्वतःच्याच पक्षाची मते फुटल्याने पडले, तो प्रसंग जुन्या वाचकांना आठवत असेल. २००३ मध्ये कायदा बदलला. आता पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची, दुसऱ्या कोणालाही नाही. अपक्षाने कोणालाच दाखवायची नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या बदलाला आव्हान दिले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. विधान परिषदेला मात्र हा नियम नाही. १० जूननंतर दहाच दिवसांनी, २० जून २०२२ ला, त्याच आमदारांनी विधान परिषदेसाठी गुप्त मतदान केले आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले.

उघडे मतदान मला मान्य आहे. तुम्ही-आम्ही मतदान केंद्रात जातो तेव्हा स्वतःचे मत देतो आणि त्याचा जाब कोणाला देणे लागत नाही. आमदार तिथे आपल्या वतीने उभा असतो. त्याने पडद्याआड राहू नये. पण हा कायदा अर्ध्यावर थांबला आहे. नाशिकच्या किंवा नांदेडच्या आमदाराने पहिली, दुसरी, तिसरी पसंती कोणाला दिली हे पक्षाच्या प्रतिनिधीला कळते. त्याला निवडून देणाऱ्या लाखो माणसांना कळत नाही. अपक्ष आमदाराचे तर कोणालाच कळत नाही, आणि २०२२ मध्ये अपक्षांना आपल्याकडे वळवण्यासाठी दोन्ही बाजूंनी किती धावपळ केली ते आपण पाहिले आहे. निकाल लागला की प्रत्येक आमदाराच्या मतपत्रिकेवरचे आकडे प्रसिद्ध करावेत. संसदेत मतविभागणी झाली की कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद होते. मग हे मत झाकून ठेवायला काय कारण आहे?

ज्यांना पुढच्या वेळी हिशेब घरी बसून करायचा आहे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे : वैध मते किती ते पाहा, जागा एकाहून जास्त असतील तर त्यापुढे दोन शून्ये लावा, जागांपेक्षा एकाने मोठ्या आकड्याने भागा, एक मिळवा, दशांश सोडा. मग उमेदवार विसरून गठ्ठ्यांच्या बेरजा करा. गोव्याच्या वाचकांचे काम सर्वांत सोपे. एकच जागा, चाळीस आमदार, कोटा २१ मते.

धन विधेयक पुढच्या आठवड्यात.